दहा गुंठ्यांत नागली, हुलगे, वाल: पेरणीपासून पातेल्यापर्यंत

गावठी धान्य लावायचं ठरवलं की बहुतेक जण आधी बियाणं शोधायला निघतात. त्याआधी जमीन आणि पाऊस पाहायचा. नाशिक जिल्ह्याच्या एका टोकाला इगतपुरी आहे, तिथे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. दुसऱ्या टोकाला सिन्नर-येवला, तिथे 500-600 मिलिमीटर झाला तरी लोक वर्ष चांगलं गेलं म्हणतात. त्यामुळे सुरगाण्याच्या उतारावर पिढ्यानपिढ्या पिकलेलं नागलीचं (नाचणीचं) बियाणं येवल्याच्या माळावर आणून पेरलं, तर ते तिथल्या पावसाच्या वेळापत्रकात बसेलच असं नाही.

पश्चिमेकडे, म्हणजे पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीत, वरकस (हलक्या, उथळ मातीच्या) उतारावर नागली, वरई, उडीद, खुरासणी (कारळे) आणि पाऊस ओसरल्यावर कुळीथ. पूर्वेकडे सिन्नर, चांदवड, येवला, मालेगावकडे बाजरी, मटकी, हुलगे, तूर. (हुलगे आणि कुळीथ एकच, घाट चढला-उतरला की नाव बदलतं.) निफाडसारख्या काळ्या भारी जमिनीत पाणी साचतं, तिथे नागली लावायची तर गादीवाफा किंवा सरी-वरंबा हवाच, नाहीतर पाऊस चार दिवस टिकला की रोपं पिवळी पडून खुंटतात. शेजारी द्राक्षबाग असेल तर औषधाच्या फवाऱ्याचा वारा कुठून येतो तेही बघून ठेवा. खायचं पीक त्या बाजूला नको.

हे सगळं 10 गुंठ्यांचा तुकडा धरून सांगतो आहोत. 5 गुंठे नागली, 2 गुंठे उडीद, 2 गुंठे हुलगे, उरलेल्या गुंठ्यात वालाचा मांडव आणि खळ्याला जागा. बरं वर्ष असेल तर नागली साधारण 40 ते 50 किलो आणि हुलगे 10-12 किलो येतात. भाकरीला 70 ग्रॅम पीठ धरलं तर 50 किलो नागलीच्या सातशेच्या वर भाकरी होतात. घर त्यावर चालणार नाही, पण आठवड्यातून तीन-चार वेळा ताटात येईल.

पहिल्या वर्षी वरई लावू नका, असं आमचं स्पष्ट मत. पीक सोपं आहे, पण दाण्यावरचं टरफल काढणं सोपं नाही. उखळात कांडायची तर मुसळाचा हात बसलेला हवा, जास्त जोर लागला की कणी होते, कमी लागला की टरफल राहतं. नागलीचं तसं नाही, मळली-उफणली की दाणा थेट गिरणीत जातो.

कोणतं बियाणं तुमच्याकडे टिकेल

गावठी बियाणं वर्षानुवर्षं तसंच ठेवायचं असेल, तर पिकाचं परागीकरण कसं होतं हे आधी समजून घ्या. बहुतेक नव्या लोकांची फसगत इथेच होते. नागली, उडीद, मूग, मटकी, हुलगे ही स्वपरागी पिकं. शेजाऱ्याचं दुसरं वाण पाच-दहा मीटरवर असलं तरी तुमचं बियाणं जवळपास शुद्ध राहतं. वालाचंही तसंच, पण त्यावर मधमाश्या-भुंगे फार येतात, म्हणून दोन जाती एकाच मांडवावर चढवू नयेत. तुरीत किडे बराच संकर घडवतात. आणि बाजरीचं परागीकरण वाऱ्याने होतं. कणसात आधी स्त्रीकेसर बाहेर येतात, पराग नंतर, म्हणजे तुमचं कणीस बाहेरून आलेल्या परागाची वाटच बघत असतं. आसपास दोनशे-चारशे मीटरमध्ये कोणाची संकरित बाजरी असेल, तर 10 गुंठ्यांतली गावठी बाजरी दोन-तीन हंगामांत मूळची राहत नाही. खायला लावा, जरूर लावा. बियाणं म्हणून धरायची तर गावातल्या आठ-दहा जणांनी मिळून एका शिवारात तेच वाण पेरायला हवं.

बियाणं आठवडे बाजारात किंवा थेट शेतकऱ्याकडून घ्या, किराणा दुकानातून नको. दुकानातला माल चार ठिकाणचा एकत्र झालेला असतो आणि किती जुना ते दुकानदारालाही माहीत नसतं. देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा: हळवं (लवकर येणारं), निमगरवं (मधलं) की गरवं (उशिरा येणारं), उतारावरचं की सपाटीचं, आणि गेल्या हंगामातलं की त्याआधीचं. हळवी नागली साधारण 90 ते 100 दिवसांत येते, गरवी 120 ते 135 दिवस घेते. पाऊस सप्टेंबरअखेर जातो अशा ठिकाणी गरवी लावली तर कणसं भरायच्या वेळी जमीन कोरडी होते आणि दाणे फोल राहतात. उलट इगतपुरीत हळवी लावली तर ती ऐन पावसात पिकते आणि उभ्या कणसात उगवते.

इगतपुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचं विभागीय कृषी संशोधन केंद्र आहे, तिथे भात आणि नागलीवर काम चालतं. शेजारच्या अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी वाल-घेवड्याच्या कितीतरी गावठी जाती घरच्या बियाणे बँकेत जपल्या आहेत. त्यांना 2020 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आणि बियाणं ठेवणं, एकमेकांना देणं, बदलून घेणं, इतकंच काय ब्रँडचं नाव न लावता विकणंसुद्धा 2001 च्या पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याचा हक्क आहे, तेव्हा संकोच नको.

आणलेलं बियाणं मे महिन्यातच तपासा. ओल्या गोणपाटावर 100 दाणे मोजून ओळीत मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवा, गोणपाट सुकू देऊ नका. हुलगे-उडीद चार-पाच दिवसांत, नागली सहा-सात दिवसांत. 80 उगवले तर ठीक. 60 उगवले तर बियाणं एक तृतीयांश जास्त धरा. त्याहून कमी असेल तर दुसरं शोधा, कारण उगवलेली रोपंही अशक्तच निघतात.

नागली: रोप, लावणी, निंदणी

5 गुंठ्यांच्या लावणीला 250 ग्रॅम बियाणं पुरतं. थेट पेरणी केली तर दुप्पट लागतं आणि तणाशी झगडा वेगळा. बी आधी पाण्यात टाका, तरंगलेलं काढून टाका, तळाचं सावलीत सुकवा.

रोपासाठी अर्धा गुंठा. ही जागा हुलग्यांच्या 2 गुंठ्यांतलीच घ्यायची, कारण हुलगे ऑगस्टमध्ये पेरायचे आणि तोवर रोपवाफा मोकळा झालेला असतो. डोंगराकडे यासाठी राब भाजतात: टहाळ, शेण, पालापाचोळा पसरून जाळायचा. त्याने तणाचं बी मरतं आणि जमीन भुसभुशीत होते, हे खरं. पण त्यापायी दरवर्षी झाडं छाटली जातात. पाणी असेल तर दुसरा मार्ग आहे. मेच्या मध्यावर वाफ्याची जागा भिजवा, आठ-दहा दिवसांत तण उगवेल, ते खुरप्याने वरच्यावर खरवडा. पुन्हा एकदा भिजवा, पुन्हा खरवडा. खोल खणू नका, नाहीतर खालचं नवं बी वर येतं. मग 1 मीटर रुंद, 10 मीटर लांब, वीतभराहून थोडे कमी उंच असे पाच गादीवाफे करा, प्रत्येकावर दोन पाट्या कुजलेलं शेणखत आणि 50 ग्रॅम बी. बोटाने चार-चार बोटांवर रेघा ओढून बी टाका आणि जेमतेम सेंटिमीटरभर माती लोटा. नागलीचं बी मोहरीहून बारीक, खोल गेलं की उगवून वर येत नाही. फेकून पेरलेल्या वाफ्यात रोपं दाट-विरळ होतात आणि दाट जागची रोपं दोऱ्यासारखी उंच वाढतात.

पेरणी मृगात, 7 जूननंतर, पाऊस लागल्यावर. 20 ते 25 दिवसांचं रोप लावणीला योग्य. पाऊस लांबला म्हणून रोप 35-40 दिवसांचं झालं तर फुटवे कमी येतात. अशा वेळी एका जागी एकाऐवजी दोन-तीन रोपं लावा, तेवढाच इलाज.

लावणीच्या आधी 5 गुंठ्यांत 300 ते 500 किलो कुजलेलं शेणखत मिसळलेलं असावं. ओळींत वीतभर, म्हणजे 20-22 सेंटिमीटर, आणि दोन रोपांत 10 ते 15 सेंटिमीटर. ओळ दोरी लावूनच धरा. त्यात हौस नाही, कारण आहे: नागलीच्या शेतात तिच्यासारखंच दिसणारं एक रानटी गवत उगवतं आणि कणीस येईपर्यंत दोघांतला फरक भल्याभल्यांना कळत नाही. ओळीत लावलं असेल तर ओळीबाहेरचं जे आहे ते उपटा, हा साधा नियम चालतो. लावल्यानंतर आठवड्याभरात नांगे (मेलेल्या रोपांच्या रिकाम्या जागा) भरून घ्या. पहिली निंदणी 20 दिवसांनी, दुसरी 40 दिवसांनी. त्यानंतर पीकच तणाला दाबतं.

युरियाचा मोह टाळा. गावठी नागली उंच वाढते, नत्र जास्त झालं की पानं हिरवीगार दिसतात आणि सप्टेंबरच्या एका वादळी पावसात सगळी लोळते. शिवाय करपा अशाच शेतात जास्त बसतो. करप्याची खूण म्हणजे पानावर दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी डाग. पुढे तो कणसाच्या मानेवर आला की मान काळी पडते आणि वरचं कणीस पोचट राहतं. निसवणीच्या (कणसं बाहेर पडण्याच्या) वेळी आठ-दहा दिवस ढगाळ, रिमझिम हवा राहिली की हा येणारच. त्या वेळी करण्यासारखं फार उरत नाही. एवढंच लक्षात ठेवायचं की मान काळी पडलेल्या झाडाचा एकही दाणा बियाण्यात जाता कामा नये.

एकाच जागी दरवर्षी नागली नको. डोंगरातली जुनी रीत अशी की पहिल्या वर्षी नागली, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी किंवा उडीद-कुळीथ. 10 गुंठ्यांत नागलीचा तुकडा आणि कडधान्याचा तुकडा आलटून पालटून फिरवला तरी बरंच साधतं.

उडीद, हुलगे, वाल

उडदाला 2 गुंठ्यांना 300 ग्रॅम बी, जूनअखेर किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात, ओळीत एक फूट, रोपांत 10 सेंटिमीटर. उडदाचा शत्रू परतीचा पाऊस. पिकलेल्या शेंगा झाडावर भिजल्या की आतच मोड येतात. म्हणून सगळं झाड वाळायची वाट न बघता काळ्या झालेल्या शेंगा दोन-तीन तोडण्यांत काढा. पानांवर पिवळे-हिरवे ठिपके पसरायला लागले तर तो पांढऱ्या माशीने आणलेला रोग आहे, ते झाड मुळासकट उपटा. शेवटपर्यंत हिरवी राहिलेली झाडं बियाण्यासाठी धरा.

हुलग्यांना पाऊस ओसरताना पेरायचं, मघा नक्षत्राच्या आगेमागे, 15 ऑगस्ट ते सप्टेंबरचा पहिला आठवडा. 2 गुंठ्यांना 300 ते 400 ग्रॅम. घाईने जुलैत पेरलेले हुलगे नुसते वेल सोडतात, जमिनीवर लोळतात आणि शेंगा खाली कुजतात. खत नको, पाणी नको, एक निंदणी पुरे. नागलीची रोपं गेल्यावर रिकामा झालेला वाफा आणि शेजारचा दीड गुंठा तोवर मोकळा असतो, तिथेही वरची तण खरवडण्याची युक्ती दोनदा करा, मग ती निंदणीही हलकी जाते. शेंगा पिवळट-तपकिरी झाल्या की पहाटे दवात झाडं उपटायची, दुपारी हात लावला की शेंगा तडकून दाणे मातीत जातात.

वालाबद्दलची नेहमीची तक्रार अशी: जूनमध्ये लावला, मांडव भरून वेल झाला, फूल एक नाही. यात बिघडलेलं काही नाही. गावठी वाल दिवस लहान व्हायला लागल्यावरच फुलतो. जूनमध्ये लावा की ऑगस्टमध्ये, बहुतेक जुन्या जाती ऑक्टोबरच्या पुढेच फुलणार. म्हणून मांडव लहान असेल तर जुलैअखेर लावा, वेल आटोक्यात राहतो. एका आळ्यात तीन बिया, नंतर दोन रोपं ठेवा, दोन आळ्यांत दीड ते दोन मीटर. फुलं दिसू लागली की शेंड्यांवर मावा येतो, काळा, दाट. रोज सकाळी पाण्याचा जोरदार फवारा आणि फार भरलेला शेंडा खुडून टाकणं, एवढ्यावर भागतं. निफाडकडे डिसेंबर-जानेवारीत पारा पाच अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा वेलाची वाढ थबकते. घाबरून जास्त पाणी देऊ नका.

काढणी आणि बियाण्याची निवड

बियाणं खळ्यावर निवडायचं नसतं, उभ्या पिकात निवडायचं. रास झाल्यावर मूठभर चांगले दाणे वेचले तर दाणे चांगले मिळतात, झाडं कशी होती ते कळत नाही. नागली पिवळी पडू लागली की शेतात फिरा आणि निदान 50-60 झाडांना रंगीत दोरा बांधा. कडेची झाडं सोडा, त्यांना ऊन-जागा जास्त मिळते म्हणून ती मोठी दिसतात. फक्त मोठं कणीस बघू नका. न लोळलेलं, करपा नसलेलं, बाकीच्यांबरोबर पिकलेलं, बोटं आत वळून दाण्यांनी गच्च भरलेलं असं झाड धरा.

नागलीची सगळी कणसं एकदम पिकत नाहीत, म्हणून तपकिरी झालेली आधी विळ्याने खुडून घ्या, आठ-दहा दिवसांनी उरलेली. खायच्या कणसांचा ढीग करून तीन-चार दिवस गोणपाटाने झाकून ठेवतात, त्याने दाणे सुटायला सोपे होतात. पण ढिगात रोज हात घालून बघायचं. आत ऊब जाणवली की लगेच मोडून पसरा, नाहीतर पिठाला कुबट वास लागतो आणि तो भाकरीतूनही जात नाही. दोरा बांधलेल्या बियाण्याच्या कणसांचा ढीग मात्र कधीच करायचा नाही, त्या उबेने उगवणशक्ती जाते. ती थेट उन्हात वाळवा आणि हाताने चोळा किंवा काठीने हलक्या हाताने झोडपा. ट्रॅक्टर फिरवून मळलेलं धान्य खायला ठीक, कडधान्याचं बी त्यात फुटतं.

वाळलं की नाही, हे ओळखायची घरगुती रीत: दाताखाली दाणा कट्कन तुटला पाहिजे, दबला नाही पाहिजे. दुसरी रीत, कोरड्या काचेच्या बरणीत मूठभर दाणे आणि चमचाभर कोरडं मीठ घालून दोन मिनिटं हलवा, दहा मिनिटं थांबा. मीठ काचेला चिकटलं तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे. चिकटलं नाही तरी बियाण्याला आणखी दोन-तीन उन्हं द्याच.

नागलीला किडा सहसा लागत नाही, दाणाच इतका लहान. कोरडी असेल तर वर्षानुवर्षं राहते, दुष्काळासाठी तिचे साठे करत ते याचमुळे. कडधान्याचं उलट. त्यातला भुंगा शेतातच शेंगांवर अंडी घालतो, म्हणजे डबा कितीही घट्ट लावला तरी चोर आतच असतो. खायच्या हुलग्या-उडदांना किलोला 5 ते 10 मिलिलिटर गोडेतेल चोळून ठेवा, किंवा चांगले वाळवून पिशवीत बंद करा आणि फ्रीझरमध्ये चार दिवस ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी गार असताना उघडू नका, आत पाणी सुटतं. बियाण्यासाठी चाळलेली लाकडाची राख, जितकं बी तितक्याच मापाने, मिसळून मडक्यात भरा, वर बोटभर राखेचा थर, तोंडाला फडकं आणि शेणमातीने लिंपण. राखेत भुंग्याला हालचाल करता येत नाही. चूल असेल तर नागलीची बियाण्याची कणसं जुडी बांधून चुलीवर धुरात टांगायची जुनी पद्धत अजूनही चांगली आहे. आणि बियाणं दोन ठिकाणी ठेवा, एक वाटा शेजारी किंवा नात्यात. उंदरांना हक्काचे कायदे लागू होत नाहीत.

नागलीची भाकरी

खळ्यावरच्या नागलीत माती आणि बारीक खडे असतातच. नुसतं पाखडून ते जात नाहीत, नागली रोळून घ्यावी लागते: परातीत पाणी घेऊन धान्य गोल फिरवायचं, वरचं धान्य अलगद ओतून घ्यायचं, खडे तळाशी राहतात. तीन-चार वेळा. मग पूर्ण दिवस कडक उन्हात वाळवून दळायला द्या. ओलसर दिली तर गिरणीत पीठ चिकटतं आणि आठवड्यात जाळी धरतं. घरात कोणाला गहू चालत नसेल तर गिरणीत आधी गहू दळलेला नाही ना, हे विचारून घ्या, पहिलं शेर-दोन शेर पीठ मागच्याचं असतं. नागलीचं पीठ महिनाभर चांगलं राहतं. बाजरीचं आठ दिवसांत कडू व्हायला लागतं, कारण बाजरीत तेलाचा अंश जास्त, म्हणून ती थोडी थोडीच दळावी.

एका वाटी पिठाला वाटीला दोन चमचे कमी इतकं पाणी. पाण्याला खळखळून उकळी आली की चिमूटभर मीठ, मग गॅस बंद करून पीठ एकदम घाला, उलथण्याच्या टोकाने ढवळून झाकण ठेवा. पाच मिनिटांनी परातीत काढा आणि हाताला सोसेल इतकं गरम असतानाच तळव्याच्या टाचेने मळा. निदान चार मिनिटं. नागलीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, गरम पाण्याने पिठातला स्टार्च फुगतो आणि तोच भाकरी धरून ठेवतो. गार पाण्यात मळलेली किंवा विरी (चिकटपणा) गेलेल्या पिठाची भाकरी कडांना चिरते, ती याच कारणाने. कडा चिरताहेत असं दिसलं तर गरम पाण्याचा हात लावून पुन्हा मळा, कोरडं पीठ वाढवू नका.

थापताना खाली पीठ भुरभुरा, बोटांनी कडेकडेने थापत मोठी करा. तवा चांगला तापलेला हवा. भाकरी तव्यावर टाकताना पिठाची बाजू वर, त्यावर लगेच पाण्याचा हात फिरवा. पाणी सुकत आलं, पण पूर्ण सुकलं नाही, तेव्हा उलटा. उशीर झाला तर वरचा पदर तडकतो आणि भाकरी फुगत नाही. दुसरी बाजू पूर्ण भाजली की तवा बाजूला करून पहिली बाजू विस्तवावर धरा. नागलीचा रंग काळसर, त्यामुळे भाजलं की नाही हे रंगावरून कळत नाही. बोट मारल्यावर पोकळ आवाज आला पाहिजे.

उन्हाळ्यात याच पिठाची आंबील. चार चमचे पीठ वाटीभर पाण्यात कालवून रात्रभर ठेवा, सकाळी तीन वाट्या उकळत्या पाण्यात ओतत ढवळा, दहा मिनिटं शिजवा. पूर्ण गार झाल्यावरच ताक, मीठ, ठेचलेला लसूण-जिरं. गरम असताना ताक घातलं की फाटतं.

हुलग्याचे शेंगोळे

थंडीतलं जेवण हे. चार माणसांना 250 ग्रॅम हुलग्याचं पीठ, त्यात अर्धी वाटी ज्वारीचं. हुलगे दळण्याआधी फार भाजू नका, भाजलेलं पीठ पिठल्याला चांगलं पण शेंगोळ्यात बांधलं जात नाही. दहा-बारा लसूण पाकळ्या, चार-पाच मिरच्या आणि चमचाभर जिरं वाटून अर्धं पिठात, अर्धं फोडणीला. पिठात हळद, मीठ, चमचाभर तेल. पाणी थोडं थोडं घालून पुरीच्या पिठाहूनही घट्ट मळा. तेलाचा हात लावून करंगळीहून बारीक वळ्या करा आणि टोकं जोडून वेटोळी.

पसरट पातेल्यात दोन मोठे चमचे तेल, जिरं, राहिलेलं वाटण, तिखट, मग सव्वा लिटर पाणी आणि मीठ. पाणी खळखळ उकळत असतानाच शेंगोळे पाच-सहा करून सोडा, पुन्हा उकळी आली की पुढचे. सगळे एकदम टाकले तर पाणी निवतं, पीठ सुटतं आणि शेंगोळ्याचं पिठलं होतं. पहिली पाच मिनिटं पळी घालू नका. मग आच मध्यम, अर्धवट झाकण, 20 ते 25 मिनिटं. एक तोडून बघा: मध्ये कोरड्या पिठाचा पांढुरका ठिपका दिसला तर आणखी पाच मिनिटं. रस्सा निवताना घट्ट होतो, म्हणून उतरवताना थोडा पातळच हवा. रस्सा फारच पाणीदार वाटला तर चमचाभर पीठ गार पाण्यात कालवून ओता.

हुलग्यांची उसळ करायची तर दहा-बारा तास भिजवा. भिजवताना लिटरला चमचाभर मीठ घातलं तर साल लवकर मऊ होतं. मिठाने कडधान्य शिजत नाही हा समज इथे लागू नाही. आंबट मात्र शिजल्यावरच, कारण चिंच, टोमॅटो आधी पडले की दाणा अडून बसतो. तरीही गणंग, म्हणजे न शिजलेले टणक दाणे, राहत असतील तर दोन कारणं शोधा. एक, धान्य उन्हाळा-पावसाळा उष्ण, दमट जागी राहिलं, त्याने दाणा कायमचा कडक होतो. दुसरं, बोअरचं जड पाणी. सिन्नरकडे हे हमखास. साठवलेलं पावसाचं किंवा फिल्टरचं पाणी वापरून एकदा शिजवून बघा, फरक लगेच कळतो. सोड्याने दाणा मऊ होतो, पण चव साबणासारखी लागते.

वाल आणि कळणा

सुके वाल कच्चे खाऊ नयेत, आणि भिजवलेलं पाणी भाजीत घालू नये. वालात असे काही घटक असतात की जे भिजवून, सोलून, नीट शिजवूनच जातात. पाव किलो वाल दहा-बारा तास भिजवा, थंडीत चौदा. पाणी दोनदा बदला. मग ओल्या फडक्यात घट्ट बांधून उबदार जागी 24 ते 36 तास. मोड अर्धा सेंटिमीटर आले की पुरे, लांब आले तर कडवटपणा वाढतो. कोमट पाण्यात वीस मिनिटं टाकून चिमटीत दाबा, डाळिंबी (सोललेला वाल) सालीतून सुटते. तेलात मोहरी, जिरं, हिंग, हळद, त्यावर डाळिंब्या, वर ताटात पाणी ठेवून मंद आचेवर वाफ. लागेल तसं ताटातलंच गरम पाणी. बारा-पंधरा मिनिटांत बोटाने दबते. मग मीठ, तिखट, काळा मसाला, आमसूल, गूळ. ढवळायला पळी नको, पातेलंच दोन्ही हातांनी हलवा, नाहीतर डाळिंब्या फुटून लगदा होतो.

उडीद थोडेच निघाले असतील तर ते कळण्यात घाला. मालेगाव-बागलाणकडे खानदेशी हाताने होते ती ही भाकरी: 4 किलो ज्वारीला 1 किलो सालीसकट उडीद, थोडं जाडं मीठ आणि मूठभर मेथीदाणे एकत्र दळायचे. उडदाच्या चिकटपणामुळे पीठ गार पाण्यातही छान बांधतं, ज्यांची भाकरी नेहमी मोडते त्यांनी सुरुवात याच पिठाने करावी. पाणी एकदम घालू नका, उडीद ते हळूहळू पितो. मळून पाच मिनिटं ठेवलं की पीठ सैल आहे की घट्ट, हे खरं कळतं. सोबत ठेचा, कच्चा कांदा, आणि शेंगदाण्याच्या चटणीवर तेलाची धार.